टोमॅटो लाल का होत नव्हते? पुण्यातल्या एका गच्चीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्याच्या बाजूची एक सोसायटी. चौथ्या मजल्यावरचं घर, त्याला लागून गच्ची, आणि गच्चीची पश्चिम बाजू पूर्ण उघडी. घरात काका, काकू, मुलगा आणि सून. काकूंचं वय सहासष्ट. तुळस, कढीपत्ता, गवती चहा त्या आधीपासून लावत होत्या, टोमॅटो मात्र पहिल्यांदाच. मी कृषी पदवीधर आहे आणि गच्चीवर भाजीपाला करणाऱ्यांकडे जाऊन सल्ला देते. ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत. तारखा आणि आकडे माझ्या वहीतले आहेत.

या टोमॅटोंची सुरुवात नातवापासून झाली. लेकीचा मुलगा, आठ वर्षांचा, नागपूरला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत तो आला होता तेव्हा २७ तारखेला त्याने स्वतःच्या बोटाने ट्रेमध्ये बी टोचलं. दोन जाती होत्या. एक दुकानातून आणलेलं संकरित बी आणि दुसरं काकूंच्या माहेराहून आलेलं गावरान, चपट्या, खोबणीदार फळांचं. २२ जानेवारीला आठ रोपं मोठ्या काळ्या ग्रो बॅगांमध्ये लावली, पाच संकरित आणि तीन गावरान. बॅगेत माती, शेणखत आणि कोकोपीट. फेब्रुवारीच्या शेवटी फुलं आली, मार्चच्या पहिल्या आठवड्यात फळं धरली.

तेव्हापासून नातवाचा दर रविवारी फोन. "आजी, लाल झाले का?" मे महिन्याच्या सुट्टीत ३ तारखेला तो येणार होता आणि झाडावरचा पहिला लाल टोमॅटो त्यानेच तोडायचा, असं आजी-नातवाचं ठरलं होतं. ही अट मला फार उशिरा कळली. त्याबद्दल पुढे लिहिते.

अडचण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फळं चांगली भरली. संकरित फळं लिंबाहून मोठी, गावरान तर मुठीएवढी. तिथून पुढे काहीच घडेना. १६ एप्रिलला काकूंनी फोन केला तेव्हा एकाही फळावर रंग नव्हता. त्यांच्या आवाजात रडवेपणा होता, कारण आदल्याच रविवारी नातवाने विचारलं होतं, "आजी, ते लाल होणारे टोमॅटो आहेत ना नक्की?"

१८ तारखेला मी गेले. आठ झाडांवर मिळून ६१ फळं मोजली. झाडं उंच होती, शेंड्याला लुसलुशीत नवी पानं होती आणि तिथे अजून फुलंही येत होती, त्यातली बहुतेक गळत होती. खालच्या घोसांची पानं मात्र साफ काढून टाकलेली. सात फळांवर पश्चिमेच्या बाजूला पांढरट-पिवळे, कागदासारखे चट्टे होते आणि चार फळं बुडाकडून काळी पडली होती.

दुपारी तीन वाजता गच्चीवर सावलीत ३९ अंश सेल्सिअस होतं. उन्हातल्या फळाच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड तापमापक धरला तर ४६. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारचा पारा ३८च्या आसपास जातो, त्यामुळे हवेच्या आकड्याने मला धक्का बसला नाही. फळाच्या आकड्याने बसला.

मी जाण्याआधी काय काय झालं होतं

काकूंनी हातावर हात ठेवून वाट पाहिली नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलं की फळाला ऊन लागल्याशिवाय लाली चढत नाही, म्हणून १० एप्रिलला त्यांनी खालची पानं काढली. पांढरे चट्टे त्यानेच आले. आतापर्यंत पानांच्या सावलीत वाढलेली साल एकदम उघड्यावर आली आणि दुपारच्या उन्हाने भाजली.

दुसरा सल्ला होता पाणी तोडायचा. झाडाला ताण दिला की फळ लवकर पिकतं, हे शेतात ठरावीक वेळी आणि ठरावीक मापात खरं आहे. पण गच्चीवरची बॅग एप्रिलच्या उन्हात दिवसभरात कोरडी होते. काकू दोन दिवस पाणी देत नव्हत्या आणि तिसऱ्या दिवशी जीव राहवेना म्हणून बादलीभर ओतत होत्या. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच पोचतं. पाणी असं तुटक झालं की ते टोकापर्यंत जात नाही आणि तिथल्या पेशी मरून काळा डाग पडतो. मातीत चुना असून उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतःच्या मनाने केली. झाड थकलं असेल म्हणून प्रत्येक बॅगेत चमचाभर युरिया. नत्र मिळताच झाडाने फळांकडचं लक्ष काढून नव्या पानांकडे वळवलं. शेंड्याची ती हिरवी लकाकी त्या युरियाची होती.

तिन्ही उपाय मायेने केलेले होते. तिन्हींच्या मुळाशी एकच समज होती, की टोमॅटो लाल करायचं काम ऊन आणि झाड करतात आणि आपण त्यांना जोर लावला पाहिजे. ही समज इतकी सर्वदूर आहे की हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं.

लाली कशाने येते

टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन. फळात हरितद्रव्य मोडत जातं आणि लायकोपीन साठत जातं. त्यासाठी फळावर ऊन पडायची गरज नसते, बंद खोक्यात काळोखातही टोमॅटो लाल होतो. त्याला हवं असतं मध्यम तापमान, साधारण २० ते २५ अंश. ३० च्या वर लायकोपीन तयार होणं मंदावतं, जवळजवळ थांबतं. पिवळी-केशरी छटा देणारं कॅरोटीन मात्र होत राहतं, म्हणून कडक उन्हाळ्यातले टोमॅटो लाल न होता फिके नारिंगी होतात. पारा ३५ च्या पुढे गेला की पिकण्याची क्रिया सुरू करणारा इथिलीन वायू फळ स्वतःच कमी सोडू लागतं. काकूंच्या फळांनी पिकायचं नाकारलेलं नव्हतं, ती उष्णतेने अडवून ठेवली होती.

शेतकऱ्यांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक असतं. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजारात लांबच्या शहरांसाठी जो माल क्रेटमध्ये भरला जातो, तो झाडावर लालबुंद झालेला नसतो. बुडाला जरासा रंग फुटला की तोडा होतो आणि उरलेली लाली वाटेत चढते. झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबायचं हे स्वप्न घरच्या बागेचं आहे. ते स्वप्न चांगलं आहे, फक्त एप्रिलच्या गच्चीवर ते महाग पडतं.

पहिला निर्णय: हा रोग आहे का?

काकांना विषाणूची शंका होती. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात टोमॅटोवर जो रोग आला, ज्याला शेतकऱ्यांनी 'तिरंगा' म्हटलं, त्याच्या बातम्या त्यांच्या लक्षात होत्या. त्या वेळी फळं एकसारखी पिकत नव्हती, पिवळे-हिरवे पट्टे पडत होते, आणि बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत काकडीवरच्या मोझॅक विषाणूसह काही विषाणू सापडले होते. शंका रास्त होती, म्हणून ती आधी निस्तरली. पानं उलटून पाहिली. कुठेही पिवळ्या-हिरव्या नक्षीचे चट्टे नव्हते, पानं दोरीसारखी अरुंद झालेली नव्हती, शेंडे सरळ वाढत होते. फळांवरचे चट्टे फक्त पश्चिमेच्या बाजूला होते. विषाणू दिशा बघून येत नाही. रोग नाही असं ठरवलं आणि फवारणीचा विषय तिथेच संपवला.

गावरान फळांबद्दल आणखी एक गैरसमज निघाला. त्यांच्या देठाभोवती गडद हिरवा पट्टा होता आणि काकू त्यालाच कच्चेपणाची खूण समजत होत्या. जुन्या जातींना हा हिरवा खांदा असतोच. बाजारासाठी जाती निवडताना एकसारखं फिकट हिरवं फळ पसंत केलं गेलं आणि हा खांदा मागे पडला. २०१२ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की ज्या जनुकाच्या बिघाडामुळे हा खांदा जातो, तेच जनुक फळाला हरितद्रव्य आणि त्याबरोबर थोडी जास्त साखर मिळवून देत असतं. म्हणून काकूंना सांगितलं की तो पट्टा बघून घाबरू नका, गोडीची आशा धरा.

दुसरा निर्णय: दोन टोमॅटो कापायचे

फळं जून झाली आहेत की नुसतीच मोठी दिसतात, हा खरा प्रश्न होता. टोमॅटो हिरवेपणीच पूर्ण जून होतो, आणि त्या टप्प्यानंतर तोडला तर घरात पिकतो. त्याआधी तोडला तर कितीही ठेवा, सुरकुततो किंवा सडतो. जून फळ बाहेरून थोडं ओळखता येतं. रंग गडद हिरव्यावरून पांढुरका होतो, सालीवर तकाकी येते, बुडाला फिकट चांदणी दिसते. पण खात्री सुरीनेच होते.

काकू फळ कापायला तयार नव्हत्या. चार महिने सांभाळलेलं फळ हिरवंच कापायचं या कल्पनेने त्यांचा चेहरा उतरला. मी घाई केली नाही. एक तुमच्या हाताने खालच्या घोसातलं काढा, एक वरच्या, मग बघू, एवढंच म्हटलं. खालच्या घोसातलं फळ आडवं कापलं तर कप्पे बुळबुळीत गराने भरलेले होते आणि सुरीखाली बिया न कापता बाजूला सरकल्या. वरच्या घोसातलं कापलं तर कप्प्यांत गर नव्हताच, आतला भाग घट्ट होता आणि बियांचे दोन तुकडे झाले.

या दोन फळांनी सगळ्या प्रकरणाची फोड केली. खालचे घोस जून होते, त्यांना झाडाकडून आता फार काही मिळायचं नव्हतं. वरचे कोवळे होते, त्यांना झाड हवंच होतं. एकाच झाडावर दोन वेगळ्या अडचणी होत्या आणि त्यांना एक उपाय लागू पडणार नव्हता. खराब झालेली ११ आणि कापलेली २ वजा जाता ४८ फळं उरली. त्यातली ३० फळं जून, १८ कोवळी.

समोरचे पर्याय

काहीच न करता थांबणं हा पहिला पर्याय. एप्रिल-मे मध्ये पारा उतरायची शक्यता नव्हती. पाऊस येईपर्यंत फळं हिरवट-नारिंगी होऊन मऊ पडली असती, शिवाय बुलबुल आणि फळ पोखरणारी अळी यांचा वाटा वेगळाच.

झाडावर सावली करणं हा दुसरा. वरच्या कोवळ्या फळांसाठी ते आवश्यकच होतं. जून फळांनाही मदत झाली असती, पण सावलीतसुद्धा ३९ अंश असेल तर शेडनेट हवेचं तापमान उतरवत नाही, फक्त फळ भाजायचं थांबवतं.

जून फळं तोडून घरात अढी घालणं हा तिसरा. हा मला सर्वांत योग्य वाटला. अडचण होती घरातल्या तापमानाची, आणि चवीची. पूर्ण हिरवं काढून पिकवलेलं फळ झाडावर रंग फुटल्यावर काढलेल्यापेक्षा थोडं पाणचट लागतं, हा माझा अनुभव आहे. रंग फुटल्यानंतर काढलेल्यात मात्र मला फरक जाणवलेला नाही.

चौथा पर्याय काकांनी मांडला, एका नर्सरीतून कानावर आलेला: पिकवायची पुडी. पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड असणार. फळं पिकवायला त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. मी तो विषय एका वाक्यात मिटवला. परवाना असलेल्या पिकवण केंद्रांमध्ये इथिलीन वायू मोजून वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, पण घरात त्याचं काही काम नाही. दोन पिकी केळी तेच करतात.

काय केलं

१८ तारखेच्या संध्याकाळी तोडा करायचं ठरलं आणि तेव्हा काकूंनी अडखळत नातवाशी ठरलेली गोष्ट सांगितली. सगळी ३० फळं तोडली तर त्याने तोडायला काय उरणार?

इथे मी थोडी चुकले असं आता वाटतं. मी लगेच म्हटलं, चार फळं राहू द्या त्याच्यासाठी. काकूंना बरं वाटलं, पण मी विचार केला तो फक्त संख्येचा. ती चार कुठली, कुठल्या झाडावरची, त्यांना काय लागेल, हे त्याच वेळी ठरवायला हवं होतं. घाईत पश्चिमेच्या कडेच्या गावरान झाडावरची चार राखली, कारण तीच सर्वांत देखणी होती.

उरलेल्या २६ पैकी पाच काकांनी मागून घेतली. उन्हाशिवाय फळ लाल होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. ती त्यांनी दक्षिणेच्या खिडकीत ओळीने मांडली. मीही नको म्हटलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं पटतं.

बाकीच्या २१ फळांसाठी घरात जागा शोधत फिरलो. स्वयंपाकघरात गॅसजवळ ३४ अंश. दिवाणखान्यात ३२. उत्तरेकडच्या लहान खोलीत, जिथे माठ ठेवलेला असतो, तिथे फरशीजवळ २८, आणि दुपारी कूलर लावला की २६. तीच खोली घेतली. आंब्याच्या पेटीत खाली पेंढा, त्यावर टोमॅटो देठ खाली करून एका थरात, एकमेकांना न टेकवता, मध्ये दोन पिकी केळी, वर वर्तमानपत्र. काकू कोकणातल्या. पेटी भरताना त्यांचे हात आपोआप चालू लागले. "अगं, ही तर आंब्याची अढी," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. वडील अढीतले आंबे रोज कसे परतायचे, नासका कसा वासावरून ओळखायचे, हे त्यांनी मला सांगितलं. एक नासका टोमॅटो बाकीच्यांना नासवतो म्हणून रोज बघायचं, हे मग मला सांगावंच लागलं नाही.

गच्चीवर १९ तारखेला पश्चिमेच्या बाजूने पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधली, दुपारी १२ ते ५ पुरती, सकाळचं ऊन मोकळं ठेवून. काळ्या बॅगा गोणपाटाने गुंडाळल्या, मातीवर वाळक्या पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन. पाणी रोज सकाळी सातच्या आत, बॅगेच्या तळातून थेंब पडेपर्यंत. शेंडे खुडले, नवी फुलं काढून टाकली. फुलं काढताना काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रात्रीही पारा उतरत नसेल तर परागकण निकामी होतात, ती फुलं गळणारच होती.

काय झालं

दोन दिवसांनी सूनबाईंनी पेटीतली सहा फळं फ्रिजमध्ये ठेवली. कामावरून आल्यावर वर्तमानपत्राखाली टोमॅटो दिसले, उकाड्यात खराब होतील म्हणून त्यांनी काळजीने उचलली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. काकूंच्या लक्षात यायला पाच दिवस गेले. कच्च्या टोमॅटोला साधारण १२ अंशांखाली थंडी बाधते, फ्रिजमध्ये त्याहून कितीतरी कमी असतं. बाहेर काढल्यावर दोन फळांना डागाळ गुलाबी रंग आला, चार खड्डे पडून बुरशीने गेली. सहाही वाया. दोष सूनबाईंचा नाही. पेटीवर एक चिठ्ठी लावायला मी सांगायला हवं होतं.

पेटीतली उरलेली १५. चौथ्या दिवशी, २२ तारखेला, एका फळाच्या बुडाला फिकट पिवळी-गुलाबी झाक आली. काकूंनी सकाळी साडेसहाला फोटो पाठवला. त्यानंतर रोज दोन-तीन फळं रंग धरू लागली. २९ एप्रिलपर्यंत १३ फळं व्यवस्थित लाल, एक सुरकुतलं, एक नासलं. गावरान फळांचा खांदा शेवटपर्यंत जरासा हिरवट-पिवळा राहिला, बाकी रंग खोल.

खिडकीतली काकांची पाच फळं आठवड्यात पिवळी-नारिंगी झाली, मऊ पडली आणि तिथेच थांबली. काकांनी एक खिडकीतलं आणि एक पेटीतलं कापून शेजारी शेजारी ठेवलं, बराच वेळ बघितलं, आणि मग ती पाचही आमटीत घालायला दिली.

झाडावर राखलेल्या चार फळांचं मात्र माझ्या मनाला लागलं. २९ तारखेला संध्याकाळी वळीव झाला. जोराचा, अर्ध्या तासाचा. कडेच्या झाडाची बॅग शेडनेटच्या बाहेर, पन्हाळीच्या धारेखाली होती. एवढं पाणी एकदम मिळालं की आतला गर फुगतो आणि ताणलेली साल साथ देत नाही. सकाळी दोन फळं देठापासून चिरलेली होती. चिरांत बुरशी धरायच्या आत काकूंनी ती काढून भाजीत वापरली. उरलेली दोन. वळवाने चार दिवस हवा उतरली आणि त्या गारव्यातच ३० तारखेला एकाच्या बुडाला रंग फुटला, दुसऱ्याला ३ मे च्या सकाळी.

नातू त्याच दिवशी दुपारी पोचला. चपला काढायच्या आधी गच्चीवर. पूर्ण लाल काहीच नव्हतं. एक अर्धं गुलाबी, एक हिरवंच म्हणावं असं, बुडाला बोटभर रंगाचं. काकूंनी मला नंतर सांगितलं की तो गप्प झाला, त्या घाबरल्या. मग त्यांनी त्याला पेटी दाखवली, फळं आत कशी ठेवतात ते दाखवलं आणि म्हणाल्या, "तुझं फळ तू तोड आणि तूच पिकव." त्याने अर्धं गुलाबी तोडलं, पेंढ्यात ठेवलं, आणि सुट्टीभर सकाळी उठून आधी पेटीशी जाऊन बसायचा. ते फळ ८ मे ला खाल्लं गेलं, मीठ लावून, चौघांत वाटून. दुसरं त्याने झाडावरच ठेवायचा हट्ट धरला. पारा पुन्हा चढला होता. ते १२ तारखेपर्यंत नारिंगी झालं आणि त्याच रंगाचं तोडलं.

वरच्या १८ कोवळ्या फळांपैकी बारा फळं मे महिन्याच्या मध्यापर्यंत जून झाली आणि पेटीत गेली. रंग आला, पण एप्रिलच्या फळांइतका खोल नाही. सहा काही भरेनात. त्यांची काकूंनी हिरव्या टोमॅटोची चटणी केली. फोडी तेलावर परतून, भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, जिरं, आणि खलबत्त्यात जाडसर कुटून. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती मी त्यांच्या घरी खाल्ली आहे. पिकण्याची वाट बघण्यात अशी सहा फळं सडली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आता करायचं तर

सर्वांत मोठी चूक एप्रिलमधली नव्हती, २७ डिसेंबरची होती. त्या तारखेला टोचलेलं बी पुण्याच्या गच्चीवर फळ धरतं तेव्हा मार्च असतो आणि फळ पिकायची वेळ नेमकी एप्रिलच्या शेवटाला येते. शेतात उन्हाळी टोमॅटोची लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते हे खरं, पण शेतातल्या मातीचा गारवा, झाडांची दाट सावली आणि रंग फुटताच होणारा तोडा या तिन्ही गोष्टी गच्चीवर नसतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात बी टोचावं, सप्टेंबरमध्ये रोपं लावावीत. फळं डिसेंबर-जानेवारीत पिकतील. थंडीत पिकायला जास्त दिवस लागतात, पण रंग भरून येतो. नातवाची डिसेंबरची सुट्टीही तेव्हाच असते.

मार्चअखेरीस शेंडे खुडले असते तर झाडाने वरच्या १८ फळांवर शक्ती घालवली नसती आणि खालचे घोस आठवडाभर आधी जून झाले असते. युरियाऐवजी तेव्हा काहीच दिलं नसतं तरी चाललं असतं. शेडनेट फळं भरायला लागतानाच बांधायची. पन्नास टक्के जाळीच्या जागी आता पस्तीस टक्के घेईन, कारण पन्नासखाली वरची कोवळी फळं भरायला रेंगाळली असं मला वाटतं.

फोनवर काकूंनी अडचण सांगितली तेव्हा मी खतं आणि पाणी विचारलं. फळाला हात लावून किती गरम लागतं, हे विचारलं नाही. तेवढ्यावरून निम्मं निदान १६ तारखेलाच झालं असतं. आणि नातवाचं विचारलं नाही. आधी माहीत असतं तर त्याची चार फळं गच्चीच्या पूर्वेच्या, भिंतीच्या सावलीतल्या झाडावरची निवडली असती, पन्हाळीपासून लांब, आणि रंग फुटेपर्यंतच झाडावर ठेवली असती. किंवा लेकीला फोन करून त्यालाच विचारलं असतं, की अर्धं गुलाबी तोडायला चालेल का. पेटीजवळ तो ज्या प्रकारे बसायचा ते पाहता, चाललं असतं असं काकूंना वाटतं.

गावरान फळांतलं एक काकूंनी बियांसाठी राखलं होतं. गर पाण्यात दोन दिवस आंबवून, धुऊन, बिया कागदावर सावलीत वाळवल्या. पुडी दोन जागी वाटली, एक पुण्याला आणि एक नागपूरला. दोन्हींवर काकूंच्या अक्षरात एकच ओळ आहे: ऑगस्ट, पोळा झाल्यावर.